स्लाइड स्कॅनर, सर्व्हर आणि मधली केबल: डिजिटल पॅथॉलॉजीच्या संचाचं परीक्षण

स्लाइड स्कॅनर, म्हणजे काचेच्या स्लाइडवरच्या ऊतीचं पूर्ण डिजिटल चित्र काढणारं यंत्र, विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात नेहमीच देखणं दिसतं. दाखवायला आणलेली स्लाइड स्वच्छ पुसलेली असते, सेक्शन (ऊतीचा पातळ काप) सपाट, रंग नेमका, कव्हरस्लिप (वरची पातळ काच) मधोमध. पडद्यावर केंद्रकातल्या क्रोमॅटिनचा कण न् कण दिसतो आणि खरेदी समितीच्या माना डोलतात. तोच स्कॅनर रोजच्या कामाला लावला, रॅकमध्ये अर्धवट सुकलेल्या, पेनाने खुणा केलेल्या, लेबलवर लेबल चिकटवलेल्या स्लाइड भरल्या, की त्याचा खरा स्वभाव कळतो. हे परीक्षण त्या दुसऱ्या प्रसंगासाठी आहे.

इथे विचार केलाय तो मोठ्या क्षमतेच्या ब्राइटफील्ड (साध्या प्रकाशात टिपणाऱ्या) स्कॅनरचा आणि त्याच्यामागे येणाऱ्या सगळ्या लटांबराचा: सर्व्हर, साठवण, नेटवर्क, व्ह्यूअर (चित्र उघडून बघायचा प्रोग्राम), मॉनिटर. लायकाच्या अपेरिओ जीटी ४५० मध्ये एका वेळी ४५० स्लाइड मावतात, हमामात्सूच्या नॅनोझूमर एस३६० मध्ये ३६०, फिलिप्सच्या अल्ट्रा फास्ट स्कॅनरमध्ये ३००. या वर्गातली यंत्रं चित्राच्या दर्जात आता एकमेकांच्या इतकी जवळ आली आहेत की केवळ चित्र बघून निवड करण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. निकाल आधीच सांगतो. हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे ऊतीच्या कापांवरून निदान करण्याच्या, रोजच्या रिपोर्टिंगसाठी हा संच घेण्याजोगा आहे. सायटॉलॉजीसाठी (सुट्या पेशींच्या तपासणीसाठी) घेत असाल तर थांबा. आणि दोन्ही बाबतींत तयारीचा मोठा वाटा स्कॅनरवर नव्हे, तर स्लाइड तयार होते त्या टेबलावर आणि नेटवर्कवर खर्च करा.

'४०एक्स' म्हणजे नक्की काय

माहितीपत्रकात ४०एक्स लिहिलेलं असतं. तो आकडा सोडून द्या आणि दोन गोष्टी विचारा: एका पिक्सेलला किती मायक्रॉन, आणि ऑब्जेक्टिव्हचं (स्लाइडजवळच्या भिंगाचं) न्यूमरिकल अपर्चर, म्हणजे ते किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्याचं माप, किती. ढोबळ मानाने ०.५ मायक्रॉन प्रति पिक्सेल म्हणजे २०एक्स आणि ०.२५ म्हणजे ४०एक्स असं बाजारात धरतात. पण ०.२५ चा पिक्सेल मिळवायला ४०एक्सचं ऑब्जेक्टिव्ह लागतंच असं नाही. बऱ्याच यंत्रांत २०एक्स, ०.७५ अपर्चरचं ऑब्जेक्टिव्ह असतं आणि पिक्सेल लहान करण्याचं काम पुढचं भिंग किंवा सेन्सर करतो. यात लबाडी नाही. हिरव्या प्रकाशात, म्हणजे ०.५५ मायक्रॉनच्या तरंगलांबीला, ०.७५ अपर्चरचं भिंग साधारण ०.४५ मायक्रॉनपर्यंतचा तपशील वेगळा दाखवतं. तो तपशील टिपायला पिक्सेल त्याच्या निम्म्याच्या आसपास हवा, म्हणून ०.२५ चा हिशोब बसतो. मात्र त्याहून लहान पिक्सेलचा दावा याच भिंगावर कोणी केला, तर फाइल मोठी होईल, माहिती वाढणार नाही.

याच भिंगाची फोकसची खोली असते जेमतेम १ मायक्रॉन. सेक्शन ३ ते ४ मायक्रॉन जाड. म्हणजे अचूक फोकस लागला तरी सेक्शनच्या जाडीचा पाव-तृतीयांश भागच एका वेळी धारदार दिसतो. मायक्रोस्कोपवर बसलेल्या माणसाचा हात फाइन फोकसच्या चाकावर सतत मागेपुढे होत असतो, त्यामुळे हे त्याला जाणवतही नाही. स्कॅन केलेल्या चित्रात ते चाक नाही. वेगवेगळ्या खोलीवर अनेक थर स्कॅन करायची सोय बहुतेक यंत्रांत असते, पण ५ थर म्हणजे जवळपास पाचपट वेळ आणि पाचपट फाइल. सायटॉलॉजीचं घोडं नेमकं इथे अडतं. स्मिअरमध्ये पेशींचे पुंजके एकावर एक असतात, जाडी सेक्शनच्या कितीतरी पट असते, आणि एका थरात पुंजक्याची फक्त कड स्पष्ट येते.

फोकस कुठे चुकतो

सपाट काच ही फक्त बोलायची गोष्ट आहे. स्लाइडला बाक असतो, माउंटंट (कव्हरस्लिप चिकटवणारा द्रव) एका बाजूला जास्त साचलेला असतो, सेक्शनला सुरकुती असते. काही स्कॅनर आधी थोड्या ठिकाणी फोकस मोजतात, त्यावरून उंचसखलपणाचा नकाशा बांधतात आणि मग स्कॅन करतात. काही यंत्रं स्कॅन चालू असतानाच वेगळ्या सेन्सरने फोकस सांभाळतात. दुसरी पद्धत वेगवान आणि बहुतेक वेळा भरवशाची. पहिल्या पद्धतीत मोजणीचे बिंदू नेमके कुठे पडले यावर सगळं अवलंबून. एक बिंदू कव्हरस्लिपवरच्या धुळीवर पडला, तर यंत्र इमाने इतबारे त्या धुळीवर फोकस करतं आणि खालचा आख्खा भाग पुसट येतो. कव्हरस्लिप ०.१७ मिमी जाड, फोकसची खोली १ मायक्रॉन. धूळ आणि ऊती एकत्र दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

निदान सोपं आहे. पुसट भागात धुळीचा कण, बोटाचा ठसा किंवा पेनाची शाई लख्ख दिसत असेल, तर स्लाइड पुसून पुन्हा स्कॅन करा. काहीच लख्ख नसेल, तर बुडबुडा, जाड सेक्शन किंवा अर्धवट सुकलेला माउंटंट यांच्यावर संशय घ्या. पुसटपणाचा आकारही बोलका असतो. ओळीने स्कॅन करणाऱ्या यंत्रात तो लांबट पट्ट्यासारखा येतो, चौकोनी तुकड्यांत टिपणाऱ्या यंत्रात चौकोन दिसतात. तुकड्यांची जोड चुकली तर एखादी ग्रंथी मधूनच चिरल्यासारखी सरकलेली दिसते. तेच सरकणं प्रत्येक स्लाइडवर त्याच अंतराने दिसत असेल, तर स्लाइडला दोष देऊ नका, स्टेजचं कॅलिब्रेशन करून घ्या.

फोकसचा दर्जा आपोआप तपासणारं सॉफ्टवेअर बहुतेक संचांबरोबर येतं. ते उपयोगी आहे, पण त्याचा उंबरठा कारखान्यातून आला तसाच ठेवू नका. कमी पेशींचं, तंतुमय ऊतक त्याला पुसट वाटतं आणि ते विनाकारण परत पाठवतं. उलट पेनाच्या शाईच्या धारदार कडेवर खूश होऊन ते खराब स्लाइड पास करतं.

न दिसलेला तुकडा

पुसट चित्र किमान स्वतःची तक्रार स्वतः करतं. या संपूर्ण यंत्रणेतला सगळ्यात घातक दोष तसा नाही, कारण तो दिसतच नाही.

वेळ वाचवायला स्कॅनर आधी आख्ख्या स्लाइडचा एक छोटा फोटो काढतो, त्यात ऊती कुठे आहे ते रंगाच्या गडदपणावरून ठरवतो आणि तेवढाच भाग मोठ्या ताकदीने स्कॅन करतो. गडद, ठसठशीत सेक्शन असेल तर उत्तम. पण स्तनाच्या सेक्शनमधली चरबी जवळजवळ पारदर्शक असते. सुईने काढलेल्या बायोप्सीचा तुटलेला, अर्ध्या मिलिमीटरचा कण फोटोत धुळीसारखा दिसतो. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची (अँटिबॉडीने ठराविक प्रथिन शोधण्याच्या चाचणीची) निगेटिव्ह स्लाइड, त्यातही हिमॅटॉक्सिलिन हा निळा रंग हलका असेल, तर यंत्राला कोरी काच वाटू शकते. अशा वेळी तो तुकडा गाळला जातो आणि उरलेलं चित्र अतिशय सुबक, सर्वत्र धारदार, परिपूर्ण दिसतं. रिपोर्ट करणाऱ्याला काहीतरी राहिलंय याची कुणकुणही लागत नाही. आणि गाळलेल्या कणातच कार्सिनोमा असू शकतो.

म्हणून खरेदीआधीचा पहिला प्रश्न हाच ठेवा: व्ह्यूअरमध्ये त्या छोट्या फोटोवर स्कॅन झालेल्या भागाची चौकट आखून दाखवली जाते का? ती प्रत्येक केस उघडताना समोर येते की तीन मेनूंच्या आत लपलेली असते? लपलेली असेल तर कोणी बघणार नाही, हे गृहीत धरा. दुसरा उपाय स्कॅनरच्या बाहेरचा आहे. ग्रॉसिंगच्या (नमुना कापून तुकडे निवडण्याच्या) वेळी ब्लॉकमध्ये (मेणाच्या ठोकळ्यात) किती तुकडे टाकले ते नोंदवतातच. तीच संख्या स्कॅन तपासणाऱ्या टेक्निशियनच्या पडद्यावर आली पाहिजे. ५ कोअर (सुईने काढलेले तुकडे) टाकले आणि चौकटीत ४ दिसले, तर स्लाइड परत. तिसरं म्हणजे इम्युनोच्या स्लाइडसाठी आणि छोट्या बायोप्सीसाठी ऊती शोधण्याची भानगडच बंद करून कव्हरस्लिपखालचा आख्खा भाग स्कॅन करणारं वेगळं प्रोफाइल ठेवा. वेळ वाढतो, फाइल वाढते. वाढू द्या. इम्युनोच्या स्लाइडवर कंट्रोलचा तुकडाही असतो, तोही चित्रात हवा, हे आणखी एक कारण.

कव्हरस्लिपच्या कडेला चिकटून असलेल्या सेक्शनचं काय होतं तेही तपासा. प्रत्येक यंत्राला स्लाइडच्या टोकाकडचे काही मिलिमीटर वाचता येत नाहीत. मायक्रोटोमवर (सेक्शन कापायच्या यंत्रावर) काम करणाऱ्याला हे अंतर सांगून, शक्यतो नमुन्याच्या स्लाइडवर रेघ मारून दाखवणं, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

स्कॅनरच्या आधीचं टेबल

स्कॅनर आल्यावर लॅबमध्ये सुरुवातीला जी बोंब उठते ती रॅक अडकण्याची. कारणं ठरलेली आहेत. कव्हरस्लिप काचेच्या बाहेर एखादा मिलिमीटर आलेली. जुन्या लेबलवर नवं लेबल, त्यामुळे जाडी वाढलेली. लेबलचा कोपरा उचकटलेला. काचेचा कोपरा टवका उडालेला. आणि सगळ्यात वरचं, माउंटंट ओला. डीपीएक्स हा नेहमीचा माउंटंट वरून सुकल्यासारखा वाटतो तेव्हाही कडेने मऊ असतो. रॅकमध्ये स्लाइड चिकटते आणि यंत्राचा हात ती ओढताना कव्हरस्लिप सरकते. किमान रात्रभर आडवं सुकू देणं हा नियम करा. त्याच दिवशी स्कॅन हवं असेल तर फिल्म लावणारा किंवा लवकर घट्ट होणारा माउंटंट वापरणारा ऑटोमॅटिक कव्हरस्लिपर हवाच, आणि तो खर्च स्कॅनरच्या अंदाजपत्रकात धरा. विक्रेता तो धरणार नाही.

पेनाने ठिपके घालायची सवय असलेल्या पॅथॉलॉजिस्टना हे आवडत नाही, पण शाई स्कॅनच्या आधी अल्कोहोलने पुसावीच लागते. सेक्शनची जाडी ३ ते ४ मायक्रॉनमध्ये सातत्याने राहिली पाहिजे. मायक्रोस्कोपवर माणूस जाड सेक्शन निभावून नेतो, स्कॅनर निभावत नाही. खरं तर स्कॅनरचा पहिला रिपोर्ट रुग्णावर नसतोच, लॅबवर असतो. कोणत्या दिवशी, कोणत्या स्टेनरवर (स्लाइड रंगवणाऱ्या यंत्रावर), किती स्लाइड परत गेल्या याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. सेक्शनच्या दर्जावरचे वाद त्या वहीने मिटतात.

बारकोडबद्दल थोडक्यात: द्विमितीय कोड, झायलीन या द्रावकात न विरघळणारी छपाई, आणि कोडमध्ये केस क्रमांक, ब्लॉक, लेव्हल, स्टेन एवढंच. कोड वाचला गेला नाही तर सॉफ्टवेअरने अंदाज न बांधता स्लाइड बेवारस खान्यात टाकली पाहिजे. पुन्हा स्कॅन केलेल्या स्लाइडची दोन चित्रं तयार होतात. त्यातलं कोणतं आधी उघडतं ते विचारून ठेवा. आणि केसच्या ८ पैकी ६ स्लाइड स्कॅन झालेल्या असताना व्ह्यूअर तसं ठळक सांगतो का, हेही बघा. काचेच्या ट्रेमध्ये रिकामी जागा डोळ्याला दिसते. पडद्यावर ६ स्लाइडची ओळसुद्धा पूर्णच वाटते.

वेगाचा आकडा

या वर्गातली वेगवान यंत्रं ताशी ८० च्या आसपास स्लाइड सांगतात. आकडा खरा असतो, पण तो १५ गुणिले १५ मिमी क्षेत्रासाठीचा. म्हणजे २२५ चौरस मिमी. २० गुणिले २५ चा सेक्शन ५०० चौरस मिमी होतो, दुपटीहून जास्त. प्रोस्टेट किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेचे मोठे ब्लॉक जास्त असणाऱ्या लॅबने स्वतःच्या १०० स्लाइड मोजून सरासरी क्षेत्र काढावं आणि त्यावर वेग ठरवावा. शिवाय स्लाइड दिवसभर सारख्या येत नाहीत, स्टेनरमधून लोंढ्याने बाहेर पडतात. त्यामुळे चालू असताना मध्येच रॅक घालता येणं आणि तातडीची केस रांगेत पुढे घेता येणं हे ताशी ५ स्लाइड जास्त असण्यापेक्षा मोलाचं. एक मोठं यंत्र की दोन मध्यम, असा पेच असेल तर आमचं मत दोन मध्यम. मोठं यंत्र बंद पडतं तेव्हा विभाग बंद पडतो.

फाइल आणि केबल

१५ मिमी बाजूचा चौरस ०.२५ मायक्रॉनने भागला की ६०,००० गुणिले ६०,००० पिक्सेल मिळतात. ३६० कोटी पिक्सेल, प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे न दाबलेली फाइल १०.८ जीबी. जेपेगने दहा ते वीस पट दाबल्यावर ती साधारण अर्ध्या ते १ जीबीवर येते. दिवसाला ३०० स्लाइड आणि वर्षाला ३०० कामाचे दिवस धरले, तर १ जीबीच्या हिशोबाने वर्षाला ९० टीबी. दुसरी प्रत धरली की १८०. इथे नाकापेक्षा मोती जड व्हायला वेळ लागत नाही, म्हणून किती महिने चित्रं वेगवान डिस्कवर, किती वर्षं टेपवर, आणि काय केव्हा पुसायचं हे खरेदीआधी लिहून काढा. काचेची स्लाइड आणि ब्लॉक नाहीतरी जपून ठेवावे लागतातच.

स्कॅनर ते सर्व्हर या टप्प्याला सलग रुंदी लागते. ताशी ८० स्लाइड आणि प्रत्येकी १ जीबी म्हणजे सेकंदाला सुमारे १८० मेगाबिट, न थांबता. मध्ये कुठेतरी १०० मेगाबिटचा जुना स्विच राहून गेला असेल, तर रांग स्कॅनरच्या आतल्या डिस्कवर साचत जाते. डिस्क भरली की स्कॅनर थांबतो, आणि फोन मात्र स्कॅनर बिघडला म्हणून जातो. गिगाबिटची स्वतंत्र लाइन द्या आणि हिशोब संपवा.

सर्व्हर ते व्ह्यूअर हा टप्पा वेगळ्याच स्वभावाचा. इथे आख्खी फाइल कधीच येत नाही. चित्र पिरॅमिडसारखं साठवलेलं असतं, तळाशी पूर्ण तपशील, वर लहान होत जाणारे थर, आणि प्रत्येक थर २५६ किंवा ५१२ पिक्सेलच्या फरश्यांत कापलेला. १९२० गुणिले १०८० चा पडदा भरायला २५६ च्या ४० ते ५४ फरश्या लागतात. एक फरशी २० केबीची धरली तर एका दृश्याला साधारण १ एमबी. एवढं कुठल्याही बऱ्या लाइनवर येतं. मग चित्र तुकड्यातुकड्यांनी का उमटतं? ग्यानबाची मेख अशी की ब्राउझर जुन्या एचटीटीपीवर एका सर्व्हरशी एका वेळी ६ जोडण्याच उघडतो. ५४ फरश्या म्हणजे ९ फेऱ्या. जाऊन-येऊन १० मिलिसेकंद लागत असतील तर ०.०९ सेकंदात काम झालं. व्हीपीएनमधून १०० मिलिसेकंद लागत असतील तर ०.९ सेकंद, आणि तेही प्रत्येक वेळी स्लाइड सरकवताना. लाइनची रुंदी दुप्पट करून यात काडीचा फरक पडत नाही. सर्व्हर एचटीटीपी २ वर चालवणं (त्यात एकाच जोडणीवरून अनेक फरश्या एकदम मागवता येतात), जवळच्या ठिकाणी कॅश ठेवणं, शेजारच्या फरश्या आधीच मागवणारा व्ह्यूअर निवडणं, हे उपाय लागू पडतात. दुसरं एक नेहमीचं कारण म्हणजे चित्रांच्या फोल्डरवर बसलेला अँटिव्हायरस, जो प्रत्येक वाचनाला फाइल चाळत बसतो. तो फोल्डर सुरक्षा विभागाशी बोलून वगळून घ्या.

फॉर्मॅटचा गुंता अजून पुरता सुटलेला नाही. एसव्हीएस, एनडीपीआय, एमआरएक्सएस, आयसिंटॅक्स, बीआयएफ अशी कंपनीगणिक वेगळी बोली आहे. जुन्या टिफला ४ जीबीची मर्यादा असते, त्यामुळे मोठ्या चित्रासाठी बिगटिफ लागतं आणि एखादा जुना प्रोग्राम ते उघडतच नाही. सर्वांना समजेल अशी भाषा म्हणजे डायकॉम, वैद्यकीय चित्रांचं सामाईक मानक. डायकॉमच्या जुन्या रचनेत चित्राची बाजू ६५,५३५ पिक्सेलपुढे जात नव्हती. २०१० च्या पुरवणी १४५ ने फरश्या हेच फ्रेम मानून ती अडचण काढली. 'डायकॉम चालतं' या वाक्यावर विसंबू नका. स्वतःच्या ५ स्लाइड डायकॉममध्ये काढून घ्या आणि दुसऱ्याच कंपनीच्या व्ह्यूअरमध्ये उघडा. रंग, मोजपट्टी आणि बारकोडची माहिती शाबूत आली तर खरं. ओपनस्लाइड आणि क्यूपाथ ही मोफत साधनं बरेचसे फॉर्मॅट वाचतात, त्यामुळे घरच्या घरी ताळा करायला ती हाताशी असावीत.

फाइल बाहेर पाठवण्याआधी एक गोष्ट नक्की करा. चित्राच्या आत लेबलचा फोटो वेगळा साठवलेला असतो, आणि त्यावर रुग्णाचं नाव असू शकतं. फाइलचं नाव बदललं म्हणजे ओळख पुसली, असा समज सार्वत्रिक आहे आणि चूक आहे. लेबलचा आणि आख्ख्या स्लाइडचा असे दोन्ही छोटे फोटो काढून टाकावे लागतात.

पडद्यावर मोजताना

४०एक्सच्या मायक्रोस्कोपवर १० च्या आयपीसमधून एकूण मोठेपणा ४०० पट. २७ इंची, २५६० गुणिले १४४० च्या मॉनिटरचा पिक्सेल ०.२३३ मिमी, त्यावर ०.२५ मायक्रॉनचा पिक्सेल एकास एक दाखवला की मोठेपणा ९०० पटीच्या पुढे जातो. त्याच आकाराच्या ४के मॉनिटरवर ६२० च्या आसपास. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत प्रत्येक केंद्रक अवाढव्य वाटतं आणि ग्रेड एक पायरी वर चढवायचा मोह होतो. शेजारच्या लाल पेशीशी तुलना करायची जुनी सवय इथे कामी येते.

मायटोसिस (विभाजन चालू असलेल्या पेशी) मोजताना याहून मोठी गफलत होते. फील्ड नंबर (आयपीसमधल्या दृश्याच्या वर्तुळाचा मिमीमधला व्यास) २२ असलेल्या आयपीसला ४०एक्सवर दृश्याचा व्यास ०.५५ मिमी, क्षेत्र ०.२४ चौरस मिमी. मायक्रोस्कोपवर मोजतात तशी १० दृश्यं म्हणजे २.४ चौरस मिमी. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर पूर्ण तपशिलात दिसतं ०.४८ गुणिले ०.२७ मिमी, म्हणजे ०.१३ चौरस मिमी. 'दहा पडदे' मोजले तर क्षेत्र जवळपास निम्मंच भरतं आणि ट्यूमर आहे त्यापेक्षा सौम्य ठरतो. दृश्यं मोजूच नका. व्ह्यूअरमध्ये २ चौरस मिमीची चौकट आखा आणि त्यात मोजा. अर्थात व्ह्यूअरची मोजपट्टी खरी आहे याची आधी खात्री हवी. १ मिमीचे १०० भाग कोरलेली स्टेज मायक्रोमीटरची स्लाइड स्कॅन करा आणि मोजा, १० मिनिटांचं काम आहे. भिंग किंवा कॅमेरा बदलल्यावर पुन्हा.

रंगाबाबत अपेक्षा माफक ठेवा. एकच स्लाइड दोन कंपन्यांच्या यंत्रांतून दोन वेगळ्या गुलाबी छटांत येते. रंगाचं प्रोफाइल फाइलमध्ये असलं तरी व्ह्यूअर ते वापरतोच असं नाही. डोळा आठवडाभरात जुळवून घेतो, एआयचे प्रोग्राम घेत नाहीत. एका स्कॅनरवर शिकवलेला प्रोग्राम दुसऱ्यावर चालवायचा तर स्वतःच्या केसेसवर नव्याने तपासणी करावीच लागते.

कुठे मायक्रोस्कोपच

काँगो रेड रंगाने रंगवलेलं अमायलॉइड (ऊतीत साचणारं प्रथिन) ध्रुवीकृत प्रकाशात हिरवं चमकतं, ते नेहमीच्या स्कॅनरला दिसत नाही. स्फटिक, टाक्याचा दोरा यांनाही तेच लागू. क्षयाचा जिवाणू आणि हेलिकोबॅक्टर २०एक्सच्या चित्रात शोधणं म्हणजे डोळ्यांची शिक्षा, ०.२५ वरही शंका आली तर काच मागवा. इओसिनोफिलचे कण, केंद्रक असलेल्या लाल पेशी, क्रोमॅटिनचा पोत हेही कमकुवत दुवे आहेत. त्यामुळे स्कॅनर आला म्हणून प्रत्येक टेबलावरचा मायक्रोस्कोप उचलू नका.

बाकी सर्वसाधारण बायोप्सी आणि शस्त्रक्रियेच्या नमुन्यांत पडदा काचेच्या बरोबरीला आलेला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,९९२ केसेस आणि १६ पॅथॉलॉजिस्टच्या अभ्यासात मूळ निदानाशी मोठी तफावत पडद्यावर ४.९ टक्के आणि मायक्रोस्कोपवर ४.६ टक्के होती. त्याआधी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामकाने) प्राथमिक निदानासाठी पहिला संच, फिलिप्सचा, मान्य केला होता. ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की मान्यता एकट्या स्कॅनरला मिळत नाही. मान्यतेच्या कागदात जे यंत्र, जो व्ह्यूअर आणि जो मॉनिटर लिहिलाय त्या जोडीला मिळते. स्वस्तातला मॉनिटर लावला की आपण त्या कागदाच्या बाहेर. शिवाय प्रत्येक लॅबने स्वतःची पडताळणी करायचीच असते. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सची शिफारस: एका उपयोगासाठी किमान ६० केसेस, त्याच पॅथॉलॉजिस्टने काच आणि पडदा दोन्ही बघायचे, मध्ये किमान २ आठवड्यांचं अंतर, आणि जुळणी ९५ टक्क्यांखाली गेली तर कारण शोधायचं. या ६० मध्ये सोप्या केसेस भरण्याचा मोह टाळा.

दुरून फ्रोझन

टेलिपॅथॉलॉजी (दुरून स्लाइड बघून निदान) हा शब्द अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट रोनाल्ड वाइनस्टीन यांनी १९८६ मध्ये रूढ केला, पण बोस्टनच्या विमानतळावरून मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलला सूक्ष्मदर्शकाखालची कृष्णधवल चित्रं १९६८ मध्येच जात होती. आज फ्रोझन सेक्शन (शस्त्रक्रिया चालू असतानाच ऊती गोठवून कापलेला काप) दुरून बघताना अडचण चित्राची नसते, घड्याळाची असते. एका ब्लॉकला २० मिनिटं ही मान्य मुदत; त्यात कापणं, रंगवणं, कव्हरस्लिप, स्कॅन आणि निदान सगळं आलं. ४५० स्लाइडचं यंत्र या कामाला उपयोगाचं नाही, ते रांगेत अडकलेलं असतं. एक-दोन स्लाइडचा छोटा स्कॅनर ऑपरेशन थिएटरशेजारी ठेवा, शक्यतो लाइव्ह मोड असलेला, म्हणजे स्कॅन फसला तर दुरूनच स्टेज हलवून आणि फोकस फिरवून निदान करता येईल. माउंटंट ओला असल्याने कव्हरस्लिप सरकते, म्हणून स्लाइड आडवी धरणाराच ट्रे निवडा. स्कॅनसाठी २०एक्स पुरतं. ऊतीचा तुकडा प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कुठला भाग कापायचा हे सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, म्हणून ग्रॉसिंगच्या टेबलावर एक कॅमेरा आणि चित्रावर अवलंबून नसलेला एक फोन, एवढं हवंच.

करारावर सही करण्याआधी विक्रेत्याला स्वतःच्या ५० वाईट स्लाइड द्या: चरबीच्या, सुरकुतलेल्या, शाई लागलेल्या, तुटक कोअरच्या, फिकट इम्युनोच्या. किती अडकल्या, किती पुसट आल्या, आणि किती तुकडे गाळले ते स्वतः मोजा. देखभालीच्या करारात कॅलिब्रेशन वर्षातून किती वेळा, सुटा भाग किती तासांत, आणि सॉफ्टवेअर बदलल्यावर फेरपडताळणीला मदत कोणाची, हे आकड्यांत लिहून घ्या. सगळ्यात शेवटचं कलम बहुतेक जण वाचत नाहीत: सेवा बंद केल्यावर साठवलेली सगळी चित्रं कोणत्या फॉर्मॅटमध्ये, खुणा आणि मोजमापांसकट, किती दिवसांत परत मिळणार. तिथे कोरी जागा असेल तर 'डायकॉम' हा शब्द स्वतःच्या हाताने लिहा आणि त्याच्या शेजारी विक्रेत्याची सही घ्या.